इंदूबाईंची पाव काठी

इंदूबाई चौगुल्यांना उत्तर दिशा कुठे आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही. काळाचौकीला त्यांच्या चाळीसमोर गिरणीची चिमणी दिसायची. त्यांच्या मते तिकडे उत्तर. वास्तविक तिकडे पश्चिम होती, आणि चिमणीच्या मागे बरंच पुढे गेलं की समुद्र. परिणामी एका वर्षी चौथीच्या भूगोलाच्या पेपरात माझ्या अर्ध्या वर्गाने अरबी समुद्र मुंबईच्या उत्तरेला नेऊन ठेवला. मी तणतणत त्यांच्याकडे गेलो, तर म्हणाल्या, "गुरुजी, माझी पोरं चिमणीकडं तोंड करून उभी ऱ्हातात. तुमच्या पुस्तकासाठी आता चिमणी हलवू काय?"

इंदूबाई शिक्षिका नव्हत्या. त्या खानावळ चालवायच्या आणि संध्याकाळी चाळीच्या चौकात मुलांना काठी फिरवायला शिकवायच्या. शिक्षक मी होतो. नुसता शिक्षक नव्हे, आदर्श शिक्षक. हे मी माझ्या मनाने म्हणत नाही. तसा माझा रीतसर सत्कार झालेला आहे. शाल आहे, शालीचं प्लास्टिकसुद्धा आहे. फक्त तो सत्कार ज्या कामासाठी झाला ते काम इंदूबाईंचं होतं. गेल्या वर्षी त्या गेल्या. माझंही वय आता असं आहे की डॉक्टर गोळ्या बदलून देत नाहीत, आहेत त्याच चालू ठेवा म्हणतात. तेव्हा लिहून टाकतो.

मी राहायला गिरगावात आणि नोकरी लालबागजवळच्या शाळेत. रोज सकाळी बसमध्ये बसताना आपण गिरणगावावर काही उपकार करायला निघालो आहोत अशी माझी समजूत असायची. मी शुद्ध बोलायचो, फळ्यावर टपोरं अक्षर काढायचो आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसून या मुलांना काही येत नाही म्हणून हळहळायचो. हळहळणं मला फार छान जमायचं.

मग गिरण्यांचा संप आला. सुरुवातीला आम्हाला काही जाणवलं नाही. पुढे वर्गातली मुलं कमी व्हायला लागली. कुणाला गावी पाठवलं, कुणी बापाबरोबर भाजीच्या गाडीवर उभं राहिलं. उरलेली शाळा सुटली की जिन्यांवर बसून एकमेकांना बदडायची. इंदूबाईंकडे जेवणारे सगळे एकटे राहणारे गिरणी कामगार होते. ते कुणी कोकणात, कुणी घाटावर निघून गेले. नवरा गिरणीत साच्यांवर कापड विणायचा, तोही घरी बसला आणि बोलायचा बंद झाला. खानावळीच्या ॲल्युमिनियमच्या थाळ्यांची चळत फडताळात तशीच पडून राहिली.

इंदूबाईंचं माहेर कोल्हापूरचं. वडील तालमीतले वस्ताद. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून काठी, पट्टा, फरी-गदका सगळं त्यांनी मुलीला शिकवलं. "वाया जाण्यापरीस पोरीला दिलं," असं इंदूबाई सांगायच्या. यात अपमान आहे की अभिमान, ते त्यांच्या आवाजावरून कधीच कळायचं नाही. लग्न होऊन मुंबईला आल्यावर त्यांनी ते सगळं बाजूला ठेवलं आणि वर्षानुवर्षं रस्सा ढवळला.

संपाच्या दिवसांत एकदा दारासमोर दोन पोरांची जुंपली. इंदूबाई बाहेर आल्या. त्यांनी भांडण सोडवलं नाही. म्हणाल्या, "असं मारत्यात व्हय? अंगठा मोडशील. मूठ बघू." एवढ्यावर वर्ग सुरू झाला.

काठ्या आल्या गणपतीच्या मांडवाच्या उरलेल्या बांबूंतून. फरी म्हणजे हातातली छोटी ढाल. ती कुठून आणणार? फडताळातल्या थाळ्या होत्याच. मागच्या बाजूने जुन्या पातळाच्या पट्ट्या बांधल्या आणि प्रत्येक पोराला एकेक थाळी दिली. गदका म्हणजे चिंध्या गुंडाळलेली आखूड काठी. संध्याकाळी चौकात ठणाठण सुरू झाली की वरच्या मजल्यावरचे गावडेमामा कठड्यावर ओणवून ओरडायचे, "इंदूबाय, जेवणावळ उठली काय गो?" इंदूबाई खालून सांगायच्या, "तुम्ही पण या, मामा, तुमच्यासाठी परात काढून ठेवलीया."

त्या जाडजूड होत्या. शिकवताना कासोटा मारायच्या आणि दातांना मिश्री लावलेली असली तर ती थुंकून येईपर्यंत सगळ्या पोरांना एका पायावर उभं करून ठेवायच्या. नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. खानावळीत माणूस काय खातो यावरून ओळखायची सवय. त्यामुळे माझ्या वर्गातला विजय त्यांच्याकडे 'जादा रस्सा' होता आणि नंदा नावाची एक घुमी मुलगी 'अर्धी चपाती'. "ए जादा रस्सा, पाय बघ तुझं. आधी पाय, मग हात, मग तोंड." हे त्यांचं आवडतं वाक्य. स्वतः मात्र त्या नेमकं उलट वागायच्या, आधी तोंड. चाळीत त्यांचं ज्यांच्याशी भांडण झालं नाही अशी बिऱ्हाडं फार नव्हती. शिवाय त्या थापा मारायच्या. वडिलांनी एकदा पट्ट्याने उडत्या माशीचा पंख कापला आणि माशी जिवंत राहिली, ही गोष्ट मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकली की पुढे पुढे माशीची काळजी वाटायला लागली.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तो तक्रार करायला. नंदाच्या दंडावर वळ दिसला होता. इंदूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, मग माझ्या हातात थाळी आणि गदका दिला. "खेळा की दोन हात अर्ध्या चपातीसंगं." समोर ती एवढीशी पोर. मी हसत हसत उभा राहिलो. काही कळायच्या आत माझ्या गुडघ्यावर चिंध्यांचा बोळा आपटला.

त्यांच्या खेळाला पंच नसायचा. ज्याला लागलं त्याने स्वतः मोठ्याने "लागलं" म्हणायचं आणि थाळी खाली घ्यायची, हा रिवाज. न म्हणणाऱ्याला शिक्षा नव्हती. फक्त दुसऱ्या दिवशी त्याच्याशी कुणी खेळायचं नाही. मला हे माहीत नव्हतं. पण माहीत असतं तरी मी तेच केलं असतं. मी म्हणालो, "चाटून गेलं." चौकातली ठणाठण थांबली. नंदा माझ्याकडे बघतच राहिली. इंदूबाई म्हणाल्या, "गुरुजी पाव्हणे आहेत. त्यांना माफ."

मी गिरगावात घरी पोचेपर्यंत गुडघा दुखत होता.

ही नंदा वर्गात बोलायची नाही. काही विचारलं की ओठ हलवायची आणि मी ते उत्तर समजून पुढे जायचो. दोघांचीही सोय होती. चौकात जायला लागल्यावर काही महिन्यांनी मी तिला एक प्रश्न विचारला, तर ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मला येत नाही, गुरुजी." माझ्या नोकरीत हे वाक्य इतक्या मोठ्याने कुणी म्हटलं नव्हतं. मला तो उर्मटपणा वाटला. मी तिला उभंच ठेवलं. मग तिच्या मागचा म्हणाला, "मलापण नाही." मग आणखी एक. तासाभरात माझ्या लक्षात आलं की गेले पंधरा दिवस मी जे शिकवत होतो ते कुणालाच येत नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. तसं करताना चेहरा असा ठेवला, की हे आधीच ठरलेलं होतं.

घोडखिंडीच्या धड्याचंही तसंच झालं. खिंड का लढवता आली, या प्रश्नाचं माझ्याकडे ठरलेलं उत्तर होतं: पराक्रम, स्वामिनिष्ठा आणि त्याग. तिघांना तीन गुण. विजयने लिहिलं, 'बोळ चिंचोळा होता.' मी शून्य दिलं. नंतर कळलं की इंदूबाईंनी चाळीचा नळ आणि जिना यांच्यामधल्या बोळात दोन लहान पोरं थाळ्या देऊन उभी केली होती आणि बाकी सगळ्यांना म्हटलं होतं, जा बघू पलीकडे. अंधार पडेपर्यंत कुणी जाऊ शकलं नाही. पाण्याच्या बादल्या घेऊन आलेल्या बायकासुद्धा अडकल्या आणि त्यावरून मोठं भांडण झालं. मी ते शून्य खोडून दीड केलं. पूर्ण गुण द्यायचा मोठेपणा काही झाला नाही.

पण सगळ्यात मोठी गोष्ट अपूर्णांकांची. वर्षानुवर्षं मी फळ्यावर भाकरी काढून तिचे तुकडे करत होतो आणि वर्षानुवर्षं मुलं सांगत होती की एक चतुर्थांश मोठा, कारण चार दोनापेक्षा मोठे. इंदूबाईंच्या वर्गात काठी ज्याच्या त्याच्या कानाइतकी उंच. पकडताना डावा हात पाव काठीवर, उजवा अर्ध्यावर. फिरवताना हात पावावरून पाऊण काठीवर जायचा. चुकला तर काठी थोबाडीत. माझ्या भाकरीने कधी कुणाच्या थोबाडीत दिली नव्हती, हा आमच्या दोन पद्धतींमधला मुख्य फरक.

शाळातपासणीला साहेब आले तेव्हा त्यांनी नेमकं हेच विचारलं. "पाव मोठी की अर्धी?" विजय उठला. "कुणाची पाव, साहेब?"

"म्हणजे?"

"नंदाची पाऊण काठी घेतली आणि बर्वेची अर्धी, तर बरोबरीला येईल. मागच्या बाकावरचा बर्वे, तो लांबडा आहे. एकाच काठीची असेल तर अर्धी मोठी."

साहेब खुर्चीतून पुढे सरकले. त्यांनी पाच-सहा मुलांना विचारलं. सगळी मुलं उठून हवेत काठ्या धरल्यासारखे हात करून उत्तरं द्यायला लागली. मग साहेब माझ्याकडे वळले. "ही पद्धत तुमची?"

मी म्हणालो, "मुलं फार हुशार आहेत."

हे उत्तर नीट बघा. यात खोटं काहीच नाही. सबंध शिक्षकी पेशात मी इतकं निर्दोष वाक्य दुसरं बोललो नाही.

पुढच्या वर्षी सत्कार झाला. मग दादरला शिक्षकांचं शिबिर भरलं आणि 'काठीतून गणित' हे मीच दाखवावं असं ठरलं. मी विजयला बरोबर नेलं. खादीचा नवा झब्बा घालून व्यासपीठावर उभा राहिलो, पाव काठीवर हात ठेवला आणि फिरवली. ती पाण्याच्या माठावर बसली. माठ फुटून पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापकांच्या पायांत पाणी गेलं. विजय शांतपणे म्हणाला, "गुरुजी, आधी पाय." सभागृह हसलं, मग टाळ्या पडल्या. समारोपाच्या भाषणात कुणीतरी माझा उल्लेख 'विद्यार्थ्याकडूनही शिकणारा शिक्षक' असा केला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता मी काहीही केलं तरी माझ्या नावावर चांगलंच जमा होणार आहे. ही जाणीव माणसाला फार बिघडवते.

इंदूबाईंनी या सगळ्याबद्दल मला एका शब्दाने विचारलं नाही. त्यांना कळलंच नसेल, असं मी धरून चाललो. काळाचौकीतली बातमी काळाचौकीतल्या बाईला कळली नसेल, असं धरून चालायला किती शिक्षण लागतं ते मला विचारा.

संप कुणी मागे घेतला नाही, तो नुसता विरत गेला. चौकात कुणीतरी टेम्पो लावायला लागलं. मग दोन टेम्पो, मग पत्र्याची शेड. पोरांना काठी फिरवायला जागा उरली नाही. इंदूबाईंनी गच्ची वापरून बघितली. खालच्यांच्या डोक्यावर पोरं नाचायला लागल्यावर तीही बंद झाली. मग एक दिवस त्या इरकली लुगडं नेसून शाळेत आल्या आणि मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "शाळा सुटल्यावर हॉल रिकामाच असतो. तासभर द्या. झाडून देईन." मला बघून त्या हसल्या. मीही हसलो.

त्या गेल्यावर मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. "या विषयातले तुम्हीच. काय करू? तुम्ही हो म्हणालात तर देतो."

एका शब्दाचं काम होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच आलं. त्या रोज हॉलमध्ये शिकवणार. शिक्षक बघणार. पाहुणे येणार, 'काठीतून गणित' बघायला मागणार, आणि मग काठी कुणाच्या हातात शोभते ते शिपायालाही कळणार. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "इजा झाली तर जबाबदारी कुणाची, एवढंच बघा."

जबाबदारी हा शब्द ऐकला की आमचे मुख्याध्यापक टेबलाखाली चपला शोधायला लागायचे. हॉल मिळाला नाही.

वर्ग बंद पडला. थाळ्या मोडीत गेल्या. नंदा पुन्हा घुमी झाली असं म्हणणार नाही, ती बोलत राहिली. पण नवीन मुलं आली ती पुन्हा ओठ हलवायला लागली, आणि चार दोनापेक्षा मोठे झाले. विजयचं शाळेत येणं कमी होत होत थांबलं. मी त्याच्या घरी जाऊन विचारपूस केली नाही. हळहळलो मात्र.

निवृत्त झाल्यावर पुष्कळ वर्षांनी कळलं, की इंदूबाई अँटॉप हिलला मुलीकडे राहतात. जावई सरकारी नोकरीत, वसाहतीत घर. मी ठरवलं, जाऊन सगळं सांगायचं. बसमध्ये वाक्यांची तयारी केली. 'अक्षम्य' हा शब्द दोनदा येत होता, एकदा काढला.

त्या गवार निवडत बसल्या होत्या. वाळल्या होत्या, आवाज तसाच. "कवा आलासा? बसा. चहा घ्या आधी, तुमचं सांगणं लांबतं."

मी सांगितलं. हॉलचं आणि सत्काराचं, दोन्ही. मधे माझा आवाज कापला, तो मी मुद्दाम कापू दिला की काय अशी मला आजही शंका आहे.

"हॉलचं व्हय," त्या म्हणाल्या. "म्हाईत हाय. तुमच्या शिपायानं त्याच दिवशी येऊन सांगितलं."

"आणि सत्काराचं?"

"त्यो तर मीच केला."

 त्यांनी गवारीची शीर ओढली. "तुमचं तपासणीवालं सायब चौकात आलं होतं संध्याकाळी. पोरांनी सांगितलं असंल. इचारलं, बाई, हे कुणी बसवलं? मी म्हटलं, आमच्या गुरुजींनी. ते सांगत्यात तसं मी करते."

"पण का?"

"आमच्या खेळात असतं, गुरुजी. आपला खांदा उघडा टाकायचा. समोरच्याला वाटतं, घावली. त्यो पुढं येतो, मग त्याचा गुडघा आपल्या हातात. चौक काय टिकत न्हाई हे मला दिसत होतं. उद्या हॉल मागायला लागणार. म्हटलं, मास्तर मोठा झाला तर त्यो नको म्हणंल व्हय?" शेंगा त्यांनी ताटात टाकल्या. "खांदा दिला. गुडघा काय घावला न्हाई."

इतकी वर्षं निदान पाप तरी माझं स्वतःचं आहे, या समाधानात मी होतो. तेही निम्मं त्यांचंच निघालं.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "जादा रस्सा सुटला हातातून. त्याचं वाईट वाटतं. त्यो टिकला असता." हे बोलताना त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. मग त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. "चला, नातीला आणायचीय. खाली कराटे शिकती. सगळं जपानीत मोजत्यात. मला तरी समजत न्हाई, पण पाय चांगलं पडत्यात."

खाली मैदानात पांढऱ्या कपड्यांतली मुलं ओळीने उभी होती. कडेला त्यांच्या चपलांचा ढीग, बाकावर चार-पाच आया. शिकवणारा एक तरुण, अदबशीर. इंदूबाईंनी त्याला हाक मारली आणि माझ्या दंडाला धरून पुढे केलं. "सर, हे आमचे गुरुजी. आदर्श शिक्षक. काठीवर गणित शिकवायचं यांनी काढलं, फार पूर्वी."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी त्या तरुणाला म्हणालो, "नाही. मी नाही. ते यांनी शिकवलं. मी फक्त सत्कार घेतला. आणि यांना जागा मिळत होती, ती मी मिळू दिली नाही." हे मी मोठ्याने बोललो. बाकावरच्या बायकांनाही ऐकू गेलं.

तरुणाने वाकून माझ्या पायांना हात लावला. मग मुलांकडे वळून म्हणाला, "बघितलं? मोठी माणसं स्वतःकडे श्रेय कधी घेत नाहीत. दुसऱ्याला देतात. टाळ्या." सगळ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. बायकांनीही.

मी "अहो, तसं नाही" म्हणत हात हलवत होतो. त्यावर टाळ्या वाढल्या.

मी इंदूबाईंकडे पाहिलं. त्या पाठ करून चपलांच्या ढिगाशी वाकल्या होत्या. नातीची एक चप्पल सापडली होती, दुसरी शोधत होत्या. पदराचा बोळा तोंडाशी धरलेला, आणि खांदे गदगदत होते. नातीने विचारलं, "आजी, काय झालं?" तिचा हात धरून, तोंड पदरातच ठेवून, जिन्याकडे निघाल्या. पहिल्या वळणाला थांबल्या, कठड्याला टेकल्या, पुन्हा एकदा खळखळून हसून घेतलं आणि वर गेल्या.